सोनोग्राफीच्या कागदावरची एक ओळ

पित्ताशयात खडा आहे का, मुतखडा खाली सरकला का, असं काहीतरी बघायला पोटाची सोनोग्राफी होते. कागद हातात येतो. खडा सापडतो किंवा सापडत नाही, पण यकृताच्या रकान्यात एक ओळ असते: 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. घरी चर्चा खड्याची होते. या ओळीवर "आजकाल सगळ्यांनाच असतं ते" एवढं बोलून कागद फाइलीत जातो. सगळ्यांना नसलं तरी पुष्कळांना असतं, हे खरं आहे. देशभरातल्या पाहण्या एकत्र करून एम्सच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये जो अंदाज मांडला, त्यात प्रौढांमधलं प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर निघालं. पण पुष्कळांना असतं म्हणून ते निरुपद्रवी, हे कुठून आलं? रक्तदाबही पुष्कळांना असतो.

याच्या उलट टोकाची माणसंही असतात. 'ग्रेड २' वाचलं की त्यांची झोप उडते. ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या स्टेजसारखं काहीतरी, दोन झाले, आता चारच्या आत काय ते करायला हवं, असा त्यांचा समज होतो. दोघंही त्या एका शब्दापाशी अडकलेले असतात, आणि तो शब्द वाटतो तितकं सांगत नाही.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर पडद्यावर यकृत आणि शेजारची उजवी किडनी एकत्र बघतात. निरोगी असताना दोघांची करडी छटा जवळपास सारखी दिसते. चरबीचे थेंब ध्वनिलहरी परत फेकतात, म्हणून चरबी साठलेलं यकृत किडनीपेक्षा पांढरट दिसतं. नुसतं पांढरट दिसलं, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा स्पष्ट असल्या, तर ग्रेड १. त्या कडा पुसट झाल्या तर २. लहरी खोलवर पोचेनाशा होऊन मागची श्वासपटलाची रेघ दिसेनाशी झाली की ३. झालं, ग्रेड म्हणतात ती एवढीच. ती बघणाऱ्याच्या नजरेवर आणि यंत्राच्या सेटिंगवर बदलते. चरबी साधारण २० टक्क्यांच्या आत असली तर सोनोग्राफीला ती बऱ्याचदा दिसतच नाही. आणि मुख्य म्हणजे यकृतात व्रण, म्हणजे जखम बुजल्यावर उरणाऱ्या कडक धाग्यांचं जाळं, धरलाय का, किती धरलाय, हे ग्रेड सांगत नाही. पुढची वीस वर्षं कशी जाणार, हे मात्र त्या व्रणावर ठरतं. ग्रेड ३ असूनही व्रण नसलेली माणसं असतात. व्रण वाढत जातो तशी चरबी उलट कमी दिसू लागते, त्यामुळे ग्रेड १ लिहिलेल्या कागदामागे जून झालेलं यकृतही असू शकतं.

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की खाटीक जो गर्द तांबडा, गुळगुळीत तुकडा तोलून देतो, ते यकृत. त्याची कड पातळ असते आणि सुरी फिरवली की पात्याला रक्त लागतं. आपलंही असंच असतं, उजव्या बरगड्यांच्या आड, सव्वा ते दीड किलोचं. चरबीनं भरलेलं यकृत दिसायला वेगळं. रंग फिकट पिवळसर, कड बोथट, आकार फुगलेला, सुरीच्या पात्याला तूप लागल्यासारखा चिकटपणा. चरबी फार असेल तर त्याचा तुकडा पाण्यात टाकल्यावर तरंगतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं की पेशीच्या पोटात एक मोठा थेंब बसलाय आणि त्यानं केंद्रक कोपऱ्यात ढकललंय. शंभरातल्या पाचाहून जास्त पेशी अशा दिसल्या की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं.

ही चरबी येते कुठून? तूप, तेल, मटणाचा रस्सा, असं आपण लगेच म्हणतो. पण जेवणातल्या चरबीचा यकृतातला वाटा थोडा, साधारण १५ टक्के. पाव हिस्सा यकृत स्वतः तयार करतं, ताटातल्या जादा साखरेपासून आणि स्टार्चपासून. उरलेली, म्हणजे निम्म्याहून जास्त चरबी अंगावरच्या साठ्यातून सुटून रक्तावाटे येते. एरवी हा साठा इन्सुलिन कुलूप लावून ठेवतं. पोटाचा घेर वाढला, स्नायू वापरात नसले की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, कुलूप ढिलं पडतं आणि चरबी दिवसरात्र झिरपत राहते.

फ्रान्समध्ये बदकांची आणि हंसांची फुगवलेली यकृतं पक्वान्न म्हणून खातात. ती फुगवण्यासाठी त्या पक्ष्यांच्या घशात नळी घालून दोनेक आठवडे मका भरतात, आणि यकृत कितीतरी पट मोठं होतं. मका भरतात, लोणी नाही. हे एकदा लक्षात आलं की तूप सोडून चार कप गोड चहा चालू ठेवणाऱ्या माणसाचं कुठं चुकतंय ते कळतं. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो निस्तरायचं काम बहुतेक सगळं यकृतावरच पडतं. गुळात, काकवीत, मधात, फळांच्या रसातही फ्रुक्टोज असतोच. गूळ 'नैसर्गिक' म्हणून यकृत त्याला सवलत देत नाही.

"पण मी तर बारीक आहे." हे वाक्य महाराष्ट्रात जरा जास्तच ऐकू येतं, आणि त्याचं उत्तरही पुण्यातूनच आलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतिणींचा अभ्यास याज्ञिकांच्या गटानं १९९० च्या दशकात केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. जन्मतःच हातपाय काटक्या आणि चरबी राखलेली. अशा शरीराची चरबी साठवायची सुरक्षित जागा लवकर भरते, मग ती पोटात आणि यकृतात उतरते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ नव्हे, २३ धरतात. घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचं. ढेरीखाली बांधलेल्या पट्ट्याचा ३४ आकडा कुणालाही फसवतो.

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यातही कमरेचा घेर विचारलेला असतो. तो अंदाजे सांगू नये, एवढी विनंती.

नुसती चरबी बरीच वर्षं गुपचूप बसू शकते. काहींच्या बाबतीत मात्र ती पेशीला जाचू लागते. पेशी फुगतात, काही फुटतात, सूज येते. यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. त्यांचं रोजचं काम अ जीवनसत्त्व साठवण्याचं. सूज बराच काळ राहिली की त्या ते काम सोडून धागे विणायला लागतात, जखम बुजवायला शरीर वापरतं तेच कोलॅजन. व्रण म्हणतात तो हाच. एफ० ते एफ४ अशा त्याच्या पायऱ्या आहेत आणि एफ४ म्हणजे सिऱ्हॉसिस, व्रणांनी कडक आणि गाठाळ झालेलं यकृत. नुसती चरबी असेल तर एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं लागतात, सूज असेल तर ७. काही माणसं याहून फार झपाट्यानं चढतात, विशेषतः मधुमेह असलेली. या सगळ्या काळात दुखत काहीही नाही. यकृताच्या आत दुखणं जाणणाऱ्या नसा नाहीत, त्या फक्त वरच्या आवरणात. कुणाला उजव्या कुशीत जडपणा वाटतो, कुणाला थकवा, बहुतेकांना काहीच नाही. मानेवर मागे काळपट, मखमली पट्टा दिसला तर तो मळ समजून घासू नये. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते.

दुखत नसलं तरी परिणाम चालूच असतात. "रात्री आठला जेवलो, मग काही खाल्लं नाही, तरी सकाळची उपाशीपोटीची साखर १३० कशी?" याचं उत्तर बहुतेक वेळा यकृतात असतं. रात्रभर रक्तात थोडी थोडी साखर सोडणं हे त्याचं नेहमीचं काम, आणि पुरे झालं हा इन्सुलिनचा निरोप चरबीनं भरलेल्या यकृताला नीट पोचत नाही. जादा चरबी ते ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात ढकलतं, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, धमन्या कडक होतात. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाचा जीव सर्वांत जास्त वेळा जातो तो हृदयविकारानं, यकृत निकामी होऊन नव्हे. त्यामुळे सोनोग्राफीत ही ओळ दिसली की रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाइल बघणं हा उपचाराचाच पहिला भाग.

आणि शेवटची पायरी आलीच तर तिची सुरुवात फारशी नाट्यमय नसते. आतड्यातलं रक्त यकृतातून जायला वाट मिळेना, म्हणून ते प्लीहेत तुंबतं. प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स अडवून ठेवते. अहवालात त्या दीड लाखाच्या खाली दिसायला लागतात. मग कधीतरी पायांवर सूज, पोटात पाणी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी. दंड आणि मांड्या सुकतात, पोट तेवढं पुढे. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं राहणं, सह्या वेड्यावाकड्या होणं, ही मेंदूपर्यंत पोचलेल्या अमोनियाची लक्षणं असतात आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात.

हे सगळं खूप आधी हेरता येतं, आणि त्यासाठी नवी तपासणीही लागत नाही. कपाटातल्या फाइलीतले तीन आकडे आणि वय पुरतं: एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स), आणि प्लेटलेट्स. वयाला एसजीओटीनं गुणायचं. एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला हजारातल्या प्लेटलेट्सनी गुणायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. समजा वय ४८, एसजीओटी ४४, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २ लाख २० हजार. ४८ गुणिले ४४ म्हणजे २११२. ६४ चं वर्गमूळ ८, त्याला २२० नं गुणलं की १७६०. भागाकार १.२. या गणिताला फिब-४ म्हणतात. १.३ च्या आत उत्तर आलं तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघावं. २.६७ च्या वर आलं तर यकृततज्ज्ञाकडे जायलाच हवं. मधलं आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. आता त्याच माणसाच्या प्लेटलेट्स १ लाख ४० हजार धरा. बाकी काहीही न बदलता उत्तर १.९ च्या जवळ जातं. प्लेटलेट्सच्या घसरणीत व्रणाचा सुगावा लागतो तो असा.

यात चुका होतात. डेंग्यूच्या तापात काढलेल्या प्लेटलेट्स घालून हे गणित केलं तर उत्तर भयंकर येईल आणि खोटं असेल. बरं होऊन महिना-दीड महिना झाल्यावरचा अहवाल घ्यावा. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित लागू पडत नाही. पासष्टीपुढे १.३ च्या ऐवजी २ ही रेघ धरतात. आणखी एक गैरसमज फार पसरलाय, 'एसजीपीटी नॉर्मल आला, म्हणजे लिव्हर बरं झालं.' व्रण वाढलेल्या यकृतात एसजीपीटी आपणहून उतरतो. पूर्वी एसजीओटीपेक्षा जास्त असलेला एसजीपीटी आता कमी दिसत असेल तर त्यात आनंद मानण्यापूर्वी प्लेटलेट्स बघाव्यात.

फायब्रोस्कॅनला तीन तास उपाशीपोटी जायचं. उजव्या बरगड्यांमध्ये यंत्राची नळी टेकवून टिचकी मारल्यासारखे धक्के देतात, दहा चांगली मोजमापं मिळेपर्यंत. दुखत नाही. धक्का जितक्या वेगानं यकृतातून जातो तितकं ते कडक. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. ८ च्या आत असेल तर निर्धास्त, १२ च्या वर असेल तर पुढच्या तपासण्या. जेवून गेलं तर रक्ताचा ओघ वाढल्यामुळे आकडा फुगतो, आणि पोरांच्या वाढदिवसाचा केक खाऊन गेलेला माणूस विनाकारण घाबरून परत येतो.

कागदावर हल्ली 'एमएएसएलडी' अशी अक्षरं दिसतात, ती याच आजाराची. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात दारुड्यांसारखी सूज दिसते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी १९८० मध्ये मांडलं आणि नावात 'नॉन-अल्कोहोलिक' आलं. २०२३ मध्ये ते बदलून शरीरातल्या चयापचयाशी जोडलेलं नाव घेतलं. पुरुषानं रोज ३० ग्रॅम आणि बाईनं २० ग्रॅमच्या आत अल्कोहोल घेतलं तरच हे नाव लागतं. हिशेब असा: ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग म्हणजे २० ग्रॅम. १८० मिलीचा क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० च्या वर. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याची एका बाटलीत मर्यादा ओलांडून झालेली असते. माझं स्पष्ट मत आहे की यकृतात चरबी असताना 'थोडी चालते' असं कुणी कुणाला सांगू नये. व्रण असेल तर एक थेंबही नको.

उपाय काय? ७८ किलोच्या माणसानं चार किलो उतरवले, म्हणजे ५ टक्के, तर चरबी लक्षणीय घटते. साडेपाच ते साडेसात किलोंत सूज ओसरते. १० टक्के टिकवून धरले तर व्रणही मागे हटू शकतो. हे होतं, याचे पुरावे आहेत. बारीक माणसाला ३ ते ५ टक्केही पुरतात. वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो. लग्नाआधी महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या योजनांनी यकृताची सूज उलट वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात, ज्या खड्यांसाठी मुळात सोनोग्राफी झाली होती तेच.

सुरुवात चहापासून करावी. सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर असते. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे रोज ४० ग्रॅमपर्यंत, महिन्याला किलोच्या वर. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास थांबा म्हणते, तेही मिठाई, बिस्किटं, सॉस सगळं धरून. एकदम बंद होत नसेल तर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करावा, जीभ सरावते. बिनसाखरेच्या दोन-तीन कप कॉफीचा यकृताला फायदा होतो असं बहुतेक अभ्यासांत दिसलंय. उपासाचा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशी, संकष्टी, सोमवार धरून महिन्यात सात-आठ वेळा ताट भरून खिचडी खाणाऱ्याला उपास घडतच नाही. त्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे, दही, फळ यांवर भागवता येतं. रोजच्या ताटात उसळ आणि कोशिंबीर आधी खावी, भाताची वाटी एकच, आणि भाकरी ज्वारीची आहे म्हणून चार खाऊ नयेत. तेल माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत. घरात दर महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणसं मोजावीत.

चालण्यानं वजन न उतरताही यकृतातली चरबी कमी होते, कारण स्नायू साखर ओढून घेतात. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. आपल्या लोकांचे स्नायू मुळात कमी, म्हणून दोन दिवस जोर-बैठका किंवा वजनं हवीतच. याकडे बायकांच्या बाबतीत घरोघरी दुर्लक्ष होतं आणि ते मला फार खटकतं.

'लिव्हर साफ करणारे' काढे घेऊ नयेत. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण आधीच सुजलेल्या यकृतावर प्रयोग का करावा? ई जीवनसत्त्वाच्या गोळ्याही केमिस्टकडून स्वतःच्या मनानं आणू नयेत. त्या सूज असलेल्या, मधुमेह नसलेल्या निवडक माणसांसाठी आहेत. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन मात्र लिव्हरच्या भीतीनं बंद करू नये. भारतात या आजारासाठी सॅरोग्लिटाझार हे औषध २०२० पासून मान्य आहे. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या औषधाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली, दोन्ही मध्यम ते जास्त व्रण असलेल्यांसाठी. नुसत्या 'ग्रेड १' या ओळीला गोळी नाही.

यकृत प्रत्यारोपणात जिवंत दाता बहुधा घरातला असतो: मुलगा, बायको, बहीण. वडिलांच्या यकृताला सिऱ्हॉसिस झालेला असतो आणि द्यायला तयार झालेल्या तिशीतल्या मुलाची तपासणी होते, तेव्हा अनेकदा त्याच्याही यकृतात चरबी सापडते. तेच स्वयंपाकघर, तेच रक्त. ती फार असेल, साधारण ३० टक्क्यांच्या वर, तर डॉक्टर त्याला थांबवतात. साखर बंद, दारू बंद, ताट मोजून, रोजचं चालणं ठरवून. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन होतो, आणि बऱ्याच वेळा चरबी इतकी उतरलेली असते की त्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग कापून वडिलांना देता येतो.